साहेबांची पाठ

मास्तर खरं बोलले तरी घरात कुणी मान वर करून बघत नसे, आणि याला जबाबदार स्वतः मास्तरच होते. उभी हयात त्यांनी सिनेमाच्या कपडेपटात काढली. राजे, दरोडेखोर, डॉक्टर, भुतं, सगळ्यांचे कपडे त्यांनी बेतले, शिवले आणि वेळ आली तेव्हा उसवले. असा माणूस संध्याकाळी घरी येऊन मुकाट्याने चहा पिईल ही अपेक्षाच चुकीची. एका पाहुण्या नटाला मानच नव्हती, म्हणून त्याच्या कोटाला कॉलर लावायची कुठे यावर मोठमोठ्यांची खलबतं झाली. एका खलनायकाने मास्तरांनी शिवलेली विजार घातली आणि त्याला कुणाला ठार मारावंसंच वाटेना. अशा गोष्टी ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगत, की नवखा माणूस हमखास फसे.

या सगळ्या थापांचा मुकुटमणी म्हणजे मोत्यांची नटी. ही नटी गळ्यात मोत्यांचे पदर घालून येई म्हणून तिचं घरात पडलेलं हे नाव. ती म्हणे काही काम नसताना माप द्यायला येऊन बसे, आणि एके दिवशी तिने मास्तरांना सरळ विचारलं, की चला, कुठेतरी निघून जाऊ. ही गोष्ट मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मास्तरीणबाई, आल्यागेल्याला स्वतः सांगत, आणि नवऱ्यापेक्षा रंगवून सांगत. "ती बिचारी म्हणाली, हे मोती, हा बंगला, सगळ्यावर पाणी सोडते. तर आमचे हे म्हणाले, बाई, जरा थांबा, आधी तुमची बाही उसवतो." मग सगळे हसत. मास्तरही हसत. खरी गोष्ट अशी, की ती नटी जन्मात मास्तरांशी एकच वाक्य बोलली होती, आणि ते म्हणजे "बाही घट्ट होते."

त्या घरात दोघांनाही मान्य असलेलं सत्य एकच होतं, ते म्हणजे पायरीचं. लग्न झाल्यापासून मास्तरांचे केस मास्तरीणबाईच कापत. घरात एवढ्या कात्र्या असताना न्हाव्याची पायरी कशाला चढायची, हा त्यांचा हिशेब. त्यांची मुलगी रांगत होती तेव्हा एकदा केसांची कात्री सापडेना, म्हणून त्यांनी कापड बेतायची मोठी कात्री उचलली, आणि मास्तरांच्या उजव्या कानामागे अशी काही सफाई केली की केसांत दगडी जिन्यासारखी पायरी पडली. वर तिरपा ओरखडाही उठला. एवढं करून त्या दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या बाळंतपणाला निघून गेल्या. मास्तर मफलर गुंडाळून कामावर गेले.

आणि त्याच दिवसांत मास्तरांच्या आयुष्यात ती एकमेव खरी गोष्ट घडली.

तेव्हा एका सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. नाव होतं 'साहेब बैठकीत आहेत'. गोष्ट साधी होती. देशाच्या सर्वोच्च साहेबांना त्यांचेच चार सचिव संपवायला निघतात, साहेब त्यातून वाचतात, आणि शेवटी चौकशी होऊन सगळ्यांना सजा होते. मधूनमधून सरकारी कारभाराची टिंगल. सिनेमा अर्धा झाला आणि साहेबांचं काम करणारा नट पोस्टरवर आपला चेहरा लहान आला म्हणून जो रुसून गेला तो गेलाच. दिग्दर्शक डोकं धरून बसला. साहेबांचा बंद गळ्याचा कोट मास्तरांनीच शिवला होता, आणि शिवलेला कोट एकदा अंगावर चढवून बघायची त्यांची सवय. त्या सकाळी तो घालून ते आरशासमोर पाठमोरे उभे होते, तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. "हलू नका," तो म्हणाला. "मफलर काढा. आणि काही झालं तरी वळू नका."

उरलेल्या अर्ध्या सिनेमात साहेबांची फक्त पाठ आहे. ती पाठ मास्तरांची. ते खुर्चीत बसले, खिडकीशी उभे राहिले, लांबच्या लांब बोळातून चालत गेले. अडचण एकच आली. शिंपी माणूस टाचणी टोचेल या भीतीने बसण्याआधी जागेवर तळवा फिरवतो. मास्तर जेवायला बसतानाही फिरवत. दिग्दर्शक ओरडून दमला, "अहो, तुम्ही देशाचे प्रमुख आहात, खुर्ची कसली पुसताय?" मास्तर मान डोलवत आणि पुढच्या वेळी पुन्हा पुसत. शेवटी तो थकला आणि ते तसंच राहिलं.

सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. नायकाची पाठ बघायला कोण बसणार? मास्तरीणबाई बाळंतपण आटोपून परत आल्या तोवर पोस्टरंसुद्धा उतरली होती. मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मी साहेब झालो होतो. त्या म्हणाल्या, "हो का? आणि मोत्यांची नटी पहारेकरी होती वाटतं." तिथे तो विषय संपला.

तो उकरून काढला नातीने, आणि मध्ये किती काळ लोटला म्हणाल तर रांगणाऱ्या मुलीची मुलगी कॉलेजात जायला लागली एवढा. कुणा पोरांना तो सिनेमा कुठल्याशा कपाटात सापडला, आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. त्यांचं म्हणणं, हे थोर व्यंग आहे. साहेब मध्यावरच मेले, त्यांच्या खुर्चीत भलताच माणूस बसला, आणि सिनेमातल्या एकाही पात्राच्या हे लक्षात येत नाही. सचिव फायली नेतात, सह्या होतात, देश चालतो. नातीने त्यावर लांबलचक लेख लिहायला घेतला होता. भिंतीवर मास्तरांची पाठ चिकटवून ती त्याच खोलीत अभ्यास करत असे.

"आजोबा, खुर्चीतला तो दुसरा माणूस कोण, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही," ती एकदा म्हणाली.

"मी होतो," मास्तर म्हणाले.

नातीने संगणकावरून नजरही काढली नाही. "सगळेच तसं म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? अगं, तो कोट मी शिवला. त्यात मी बसलो."

"त्याला नंतर नाहीसं केलं, आजोबा. पुरावे आहेत. त्याचं नाव कुठेच नाही."

"शिंप्याचं नाव कोण घालतं? मी हा इथे बसलोय, चहा पितोय."

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "सांगा, सांगा तिला. तिची आई ऐकून ऐकून मोठी झाली, आता तिची पाळी."

मास्तरांना ते लागलं. आयुष्यभर थापा मारून त्यांनी माणसं हसवली, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण सगळ्या जन्मात एकच गोष्ट खरी घडावी आणि नेमकी तीच थापांच्या गाठोड्यात जाऊन पडावी, याचा त्यांना फार राग आला. मरायच्या आधी एकदा तरी बायकोने म्हणावं, की तुम्ही खरं बोलत होतात. बाकी जगाने नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून जेव्हा नात म्हणाली, की रविवारी दुपारी त्या सिनेमाचा खास खेळ आहे आणि खुद्द दिग्दर्शक येणार आहे, तेव्हा मास्तर हटूनच बसले. आपण तिघांनी जायचं. मास्तरीणबाईंनी गुडघ्यांचं कारण काढलं, मग खुर्च्या मऊ आहेत का ते विचारलं, आणि अखेर चांगली साडी नेसून तयार झाल्या.

थिएटरच्या दाराशी तरुण मुलामुलींची झुंबड होती, आणि निम्म्यांच्या अंगात साहेबांचा बंद गळ्याचा कोट. मास्तर बघतच राहिले. कॉलरी कानाला टेकलेल्या, खांदे कोपरापर्यंत उतरलेले. "कोणी शिवलं हे पाप?" ते पुटपुटले. एका पोराची कॉलर सरळ करायला त्यांचा हात उठला होता, तो नातीने वेळीच धरला.

दिग्दर्शक कोपऱ्यात एकटाच चहा पीत उभा होता. म्हातारा झाला होता, पण डोळे तेच. मास्तर नातीचा हात सोडवून त्याच्याकडे गेले.

"मास्तर! अजून आहात?"

"आहे. आज घरच्यांना आणलंय. तुम्ही एकदा स्टेजवरून सांगून टाका ना, की तो मी होतो."

दिग्दर्शकाने कप खाली ठेवला. "मी सांगितलं होतं. मुलाखतीत, छापून आलंय. म्हटलं, बाबांनो, नट रुसून गेला, म्हणून मी शिंप्याला बसवलं. लोक म्हणाले, बघा, किती मुरलेला माणूस आहे, अजूनही गुपित फोडत नाही. एकाने तर त्या मुलाखतीवर प्रबंध लिहिला."

"मग?"

"मग मी खरं बोलणं सोडलं. आता म्हणतो, सगळं आधीपासून ठरलेलं होतं. सगळे खूश. मलाही हल्ली तसंच आठवतं."

"मी उभा राहून सांगितलं तर?"

"सांगा की. मी कोण अडवणार? फक्त चौकशीच्या प्रसंगात सांगू नका."

"का?"

तेवढ्यात घंटा झाली आणि लोक दिग्दर्शकाला ओढून घेऊन गेले.

आत आपल्या रांगेत पोचल्यावर मास्तरांनी सवयीने खुर्चीवर तळवा फिरवला. "इथेसुद्धा?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "चारचौघांत तरी..." आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. समोरच्या रांगेतल्या मुलीने खुर्चीवर तळवा फिरवला. तिच्या शेजारच्याने फिरवला. सगळ्या थिएटरभर लोक आधी खुर्च्या पुसत होते आणि मग बसत होते.

"एवढ्या माणसांना तुमची खोड कुठून लागली?" त्यांनी विचारलं.

"आजी, तो संकेत आहे," नात म्हणाली. "साहेब बसण्याआधी खुर्चीखाली बॉम्ब आहे का ते बघतात. सत्तेतल्या माणसाची भीती."

"टाचणी," मास्तर म्हणाले. "टाचणी आहे का ते बघतात."

"शू," मागून कोणीतरी म्हणालं.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या भागात रुसका नट भरपूर बोलला. मग साहेबांवर सचिवांची गोळी सुटली, दिवे गेले, आणि दिवे आले तेव्हा पडद्यावर पाठ होती. थिएटरात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मास्तरांच्या अंगावर काटा आला. आपल्या पाठीला एवढ्या टाळ्या, आणि शेजारी आपली बायको पर्समध्ये गोळी शोधतेय. पुढे सचिव आले, फायली आल्या. "साहेब बैठकीत आहेत," असं पडद्यावर कुणी म्हटलं की सगळं थिएटर सोबत म्हणे. मास्तरीणबाईंनी जांभई दिली. पाठ ती पाठ, कुणाचीही असते.

मग चौकशीचा प्रसंग आला. मुळात तिथे टिंगल होती ती लाळघोट्यांची. न्यायमूर्ती विचारतात, "हल्ल्याच्या दिवशी साहेबांच्या खोलीत कोण होतं?" आणि साहेब वाचलेत म्हटल्यावर, मीच त्यांना वाचवलं हे दाखवायला एकेक अधिकारी उठून म्हणतो, की मी होतो. मास्तर हे सगळं पार विसरले होते. न्यायमूर्तींनी विचारलं, "त्या दिवशी त्या खोलीत कोण होतं?" आणि मास्तरांना वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्यालाच विचारतंय. दिग्दर्शकाने काय बजावलं होतं तेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते उठले, छातीत हवा भरली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी होतो."

सगळं थिएटर उभं होतं. "न्यायमूर्ती, मी होतो," सगळं थिएटर म्हणालं. पोरं म्हणाली, पोरी म्हणाल्या, दाराशी तिकीट बघणारा म्हणाला. शेजारी नात उभी राहून मूठ वर करून तेच म्हणत होती. ती आजोबांकडे बघून कौतुकाने हसली. "आजोबा, तुम्हाला माहीत होतं? मस्त म्हणालात."

मास्तर मटकन खाली बसले. तळवाही फिरवायचं राहिलं. दिग्दर्शक काय सांगत होता ते आता त्यांना कळलं. सगळेच तसं म्हणतात, हेही कळलं. आपण खोटं बोललो असतो तर निदान वेगळे तरी दिसलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

लोक खुर्च्या पुसून पुन्हा बसले. आता शेवटचं दृश्य. दिग्दर्शकाकडे नायक नव्हता, चेहरा नव्हता, शेवट करायला काहीच नव्हतं. म्हणून त्याने कॅमेरा साहेबांच्या मागून हळूहळू पुढे नेला होता. कोट मोठा झाला, कॉलर मोठी झाली, आणि मग पडदाभर मान. भक्तमंडळी यावर वर्षानुवर्षं भांडत आली होती. उजव्या कानामागे केसांत एक पायरी आहे, ती सत्तेची पायरी, आणि तिच्यावरचा तिरपा ओरखडा म्हणजे लोकशाहीवरची जखम. एवढ्या मोठ्या थिएटरात कुणी श्वासही घेत नव्हतं.

त्या शांततेत मास्तरीणबाई बोलल्या. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"हे केस मी कापलेत."

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी टाळी वाजवली. "हे केस मी कापलेत," मागून एक पोरगा ओरडला, आणि क्षणात दहा आवाज, शंभर आवाज तेच म्हणायला लागले. थिएटर आनंदाने वेडं झालं. दिवे लागले तेव्हा लोक वळून वळून या म्हातारीकडे बघत होते. यापुढे दर खेळात त्या दृश्याला हे वाक्य म्हटलं जाणार यात शंकाच नव्हती.

"आजी, काय भन्नाट सुचलं तुला," नात म्हणाली आणि मैत्रिणींना सांगायला पळाली.

मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या मानेकडे बघत होत्या. मग त्यांनी त्याच्या उजव्या कानामागे बोट नेलं, जिथे आता फक्त थोडे पांढरे केस उरले होते, आणि बोट फिरवून बघितलं.

"तुम्हीच होतात," त्या म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं काय सांगतोय?"

"खरं सांगत होतात."

मास्तरांना एवढंच हवं होतं. बसथांब्यापर्यंत ते पोरासारखे चालले. आपल्याला किती वेळा वळू नका म्हणून सांगावं लागलं, बोळातून चालताना बूट कसा चावत होता, सगळं त्यांनी सांगितलं, आणि त्यात एकही थाप घातली नाही. मास्तरीणबाई शेजारून चालत होत्या. थांब्यावर बाक होता. मास्तरांनी त्यावर तळवा फिरवला आणि बायकोला म्हणाले, "बस." त्या बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"तो खलनायक," त्या म्हणाल्या, "विजारवाला."

"ती थाप होती," मास्तर मजेत म्हणाले.

"ते मलाही वाटलंच. विजारीने कुणी सुधारत नाही." पर्सची कडी त्यांनी उघडली आणि पुन्हा लावली. "आणि ती मोत्यांची?"

मास्तर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हसणारे आपण एकटेच आहोत.

"अगं, ती तर सगळ्यांत मोठी थाप. तुला माहीत नाही का? तूच तर सगळ्यांना सांगतेस."

"मी सांगत होते, कारण मला वाटायचं तुम्ही खोटं बोलता. साहेबांचंही मी असंच हसण्यावारी नेलं होतं."

"साहेबांचं खरं होतं. नटीचं खोटं आहे."

"इतकी वर्षं दोन्ही खरी म्हणून सांगितलीत. एकाचा आज पुरावा मिळाला. आणि त्याच दिवशी दुसरी खोटी झाली?"

"अगं, ती बाई माझ्याशी धड बोललीसुद्धा नाही. जन्मात एकदा म्हणाली, बाही घट्ट होते. बस. एवढंच."

मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आल्यागेल्याला ती गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, की तिचा शब्द न् शब्द, त्यातली उसवायची बाहीसुद्धा, त्यांना पाठ होता.

"म्हणजे बाहीपर्यंत तरी खरं आहे," त्या म्हणाल्या.

बायकोला पटेल असं एखादं वाक्य मास्तरांनी शोधलं. थापा पुष्कळ सुचल्या; खरं तेवढं एकच होतं, आणि ते सांगून झालं होतं.

बस आली. मास्तरीणबाई चढल्या आणि एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसल्या. मास्तरांना जागा मिळाली ती त्यांच्या मागच्या बाकावर. घर येईपर्यंत त्यांना बायकोची पाठ दिसत होती. ती वळली नाही.